लिलार्डला सोडून टर्नर: मिलवॉकीचा हिशोब कुणाला पटतोय?

जवाहरमार्ग | २ जुलै २०२५, सकाळी ८.१५

मंडळी, एनबीएतल्या मिलवॉकीने डॅमियन लिलार्डला वेव्ह केलं, म्हणजे करार संपायच्या आधीच सोडून दिलं. त्याचे उरलेले ११२.६ मिलियन डॉलर पाच वर्षांवर पसरवले (याला स्ट्रेच म्हणतात) आणि पगाराच्या हिशोबात झालेल्या जागेत इंडियानाचा मायल्स टर्नर आणला. टर्नरचा करार चार वर्षांचा, १०९ मिलियनच्या आसपास. एवढी मोठी रक्कम वेव्ह करून स्ट्रेच करण्याचा प्रकार लीगमध्ये आजवर कुणी केला नव्हता.

माझं मत सरळ आहे. जो माणूस दुसऱ्याच्या जर्सीत खेळेल, त्याला २०२९-३० पर्यंत दरवर्षी २२.५ मिलियन द्यायचे, तेही १५.६ पॉइंट आणि ६.५ रिबाउंडवाल्या सेंटरसाठी? टीमचा सर्वांत मोठा स्टार यानिस खूश राहावा म्हणून फ्रंट ऑफिसने पुढची पाच वर्षं गहाण टाकली. ज्यांना हे पटतंय त्यांनी कृपया आकड्यांनिशी समजवावं. "यानिससाठी काहीही" हे उत्तर धरलं जाणार नाही.

छप्पन_दुकान | २ जुलै, ८.३१

भिया, आपल्याकडे इंदुरात फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, उघडते पहाटे साडेतीनला. सराफा आवरलेला, पोह्यांचं पातेलं अजून चढलेलं नाही. त्या उपाशी वेळेपासून फोन घेऊन बसलं की कुठलाही निर्णय मूर्खपणाचाच वाटणार.

दुसरा_एप्रन | २ जुलै, ९.०५

@जवाहरमार्ग, आकडे घ्या.

लिलार्डचे यंदाचे ५४.१ आणि पुढच्या वर्षीचे ५८.५, एकूण ११२.६. नियम असा की करारात जितकी वर्षं उरली असतील त्याच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांवर रक्कम पसरवता येते. उरली दोन, म्हणून पाच. ११२.६ भागिले ५ म्हणजे २२.५. म्हणजे यंदाच्या हिशोबातून ५४.१ गेले आणि २२.५ आले. मोकळे झाले ३१.६. टर्नरचा पहिल्या वर्षाचा पगार २५ च्या थोडा वर. बसला.

तारखेचंही कारण आहे. १ जुलै ते ३१ ऑगस्टमध्ये वेव्ह केलं तर चालू सीझनचा पगारही स्ट्रेचमध्ये जातो. १ सप्टेंबर उजाडला की चालू वर्षाचा पगार पूर्ण बसतो आणि फक्त पुढची वर्षं पसरतात. तोपर्यंत थांबले असते तर यंदाचे ५४.१ जसेच्या तसे, आणि टर्नर विसरा.

आता खरा प्रश्न. स्ट्रेच केलं नसतं तर काय होतं हातात? लिलार्डचं टाचेमागचं अकिलीज २७ एप्रिलला तुटलं. यंदाचा सीझन जवळजवळ गेलाच. त्याचा पगार ठेवून टीम कॅपच्या वर राहते, मग बाहेरचा माणूस आणायला मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅपवरच्या टीमला मिळणारी ठरीव सवलत, १४.१ मिलियन. त्यात टर्नर येत नाही. पिकं, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क, देऊन ट्रेड करावा तर पिकं आहेत कुठे? २०२७ चं जू हॉलिडेच्या २०२० च्या सौद्यात न्यू ऑर्लिन्सला गेलं, २०२९ चं पोर्टलंडला, २०२८ आणि २०३० चे स्वॅप, म्हणजे पिकं अदलाबदल करायचे हक्क, तेही पोर्टलंडकडेच. तिजोरी रिकामी असताना एकच दरवाजा उघडा होता, ते त्यातून गेले.

नवखी | २ जुलै, ९.४०

मी नुकतीच बघायला लागलेय, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. कॅप म्हणजे मर्यादा ना? मग "कॅपच्या वर राहते" म्हणजे काय? आणि ११२.६ मिलियन म्हणजे आपल्या भाषेत किती कोटी?

दुसरा_एप्रन | २ जुलै, १०.१२

@नवखी, ११ कोटी २६ लाख डॉलर. रुपये करू नका, जेवण जाणार नाही.

कॅप मऊ आहे. २०२५-२६ साठी ती १५४.६ मिलियन. तिच्या वर जाता येतं, पण ठरलेल्या वाटांनीच. आपलाच खेळाडू सलग तीन सीझन आपल्याकडे असेल तर बर्ड राइट्स मिळतात, म्हणजे कॅप ओलांडूनही त्याला ठेवता येतं. मिनिमम पगाराचे करार कधीही करता येतात. मिड-लेव्हलसारखी एक्सेप्शन आहेत. ट्रेड आहेत. त्यावर १८७.९ ला लक्झरी टॅक्सची रेषा, १९५.९ ला पहिला एप्रन, २०७.८ ला दुसरा.

लोकांचं लक्ष टॅक्सवर असतं, पण टीम बांधणाऱ्याचे हात बांधतात ते एप्रन. दुसऱ्याच्या वर गेलात की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. १५ आणि १५ वाले दोघं देऊन ३० वाला हवाय? नाही मिळणार. ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, मिड-लेव्हल बंद, आणि सात वर्षांनंतरचं पहिल्या फेरीचं पिक गोठतं. गोठलं म्हणजे ते ट्रेड करता येत नाही. पुढच्या चार वर्षांत आणखी दोनदा वर राहिलात तर ते पिक सरळ पहिल्या फेरीच्या शेवटी ढकललं जातं, मग टीम कितीही हरो.

रामबागकर | २ जुलै, ११.२०

एप्रनराव, तिजोरी रिकामी होती हे मान्य, पण एक वाट तुम्ही गाळलीत. लिलार्डला बसवून ठेवायचं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा करार ५८.५ चा आणि शेवटच्या वर्षाचा. असा करार ट्रेडमध्ये सोन्याच्या भावाने जातो, कारण घेणाऱ्याची कॅप वर्षभरात मोकळी होते. यंदा पडेल तो सीझन पडू द्यायचा.

दुसरं, सीझनभर न खेळणाऱ्यासाठी डिसेबल्ड प्लेअर एक्सेप्शन मिळतं. लीगच्या डॉक्टरने १५ जूनपर्यंत खेळू शकत नाही असं लिहून दिलं की त्याच्या पगाराचा अर्धा भाग किंवा मिड-लेव्हल, यातली कमी रक्कम. इथे १४.१. एका वर्षाच्या करारावर एक बरा सेंटर आला असता. घाई कसली होती?

दुसरा_एप्रन | २ जुलै, ११.५८

काका, घाई यानिसची होती. २०२६-२७ नंतर त्याच्याकडे प्लेअर ऑप्शन आहे, म्हणजे राहायचं की जायचं ते तोच ठरवणार. "यंदा पडेल तो सीझन पडू द्या" हे त्याला सांगायला कोण जाणार?

छप्पन_दुकान | २ जुलै, १२.०३

धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये बंदी घातलेलं उत्तर आलं. पंच झोपलेत का?

मेघना_इं | २ जुलै, दुपारी २.४५

सगळे पगारावर तुटून पडलेत, खेळावर कुणी बोलतच नाहीये, म्हणून लिहिते.

यानिसच्या टीमला सेंटर कसा लागतो? यानिस पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या पट्ट्यात, शिरतो तेव्हा तिथे आणखी एक उंच माणूस नको, कारण त्याच्यासोबत त्याचा डिफेंडरही तिथेच उभा राहतो. सेंटर तीनच्या रेषेबाहेर हवा आणि तिथून त्याचा शॉट पडायला हवा, म्हणजे समोरच्या टीमचा सर्वांत उंच माणूस रिमपासून ओढला जातो. दुसऱ्या टोकाला त्याच माणसाने रिम राखायचा. ही दोन्ही कामं करणारे लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ब्रुक लोपेझने ते काम वर्षानुवर्षं केलं, पण तो आता ३७ चा, आणि क्लिपर्सकडे चालला. टर्नर २९ चा. गेल्या सीझनला तीनचे ३९.६ टक्के, सामन्याला दोन ब्लॉक. ब्लॉकमध्ये लीगमध्ये पहिला दोनदा.

एक चाल डोळ्यासमोर आणा. यानिस चेंडू घेऊन मधोमध. टर्नर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे यानिसच्या डिफेंडरची वाट अडवतो, आणि रिमकडे न जाता दोन पावलं मागे सरकत रेषेबाहेर थांबतो. त्याचा डिफेंडर यानिसला थांबवायला खाली गेला तर पास मागे आणि मोकळा तीन. टर्नरला चिकटून राहिला तर यानिससमोर एकच माणूस उरतो, आणि एक माणूस यानिसला पुरत नाही. रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्सवर संध्याकाळी कुणालाही सेंटर म्हणून उभं करा, तो सवयीने रिंगखालीच जाऊन उभा राहतो. ती सवय मोडलेला सात फुटी खेळाडू महाग असणारच.

त्रुटी दोन. टर्नर उंचीच्या मानाने रिबाउंडला कमी पडतो, ते काम यानिस आणि बॉबी पोर्टिसवर येणार. आणि पॉइंट गार्ड कुठाय? केव्हिन पोर्टर ज्युनियर आणि रायन रोलिन्स. लिलार्डचा शेवटच्या चार मिनिटांतला खेळ या दोघांत कुठून येणार ते मला दिसत नाही. @रामबागकर काका, १४.१ च्या एक्सेप्शनमध्ये "बरा सेंटर" मिळतो, पण रेषेबाहेर उभा राहणारा मिळत नाही.

ग्वाल्हेरचा_सहावा | २ जुलै, ३.१०

मेघनाताईंना +१. आणि इंडियानाचं कुणी काही म्हणेल का? टर्नर तिथे २०१५ च्या ड्राफ्टपासून. मुंबईत २०१९ ला सॅक्रामेंटोविरुद्धचे दोन सामने झाले तेव्हाही तो त्याच टीममध्ये. फायनलचा सातवा सामना खेळून दहा दिवस उलटले नाहीत तोच फुकटात गेला.

दुसरा_एप्रन | २ जुलै, ४.००

फुकटात गेला हेच इंडियानाचं दुखणं. बर्ड राइट्स असल्यामुळे त्याला कॅप ओलांडूनही पैसे देता आले असते. पण तो गेला की ते राइट्स संपतात आणि त्याच्या पगाराइतकी जागा आपल्याला मिळत नाही, कारण टीम तशीही कॅपच्या वरच असते. त्या जागी आणायचा तर मिड-लेव्हलमधून. म्हणून अशा खेळाडूचा भाव बाजारभावापेक्षा दोन-तीन मिलियन जास्त लावावा लागतो. इंडियानाच्या मालकाला टॅक्स भरायची सवय नाही, आणि फायनलमध्ये त्यांच्या हॅलिबर्टनचं अकिलीज तुटल्यावर यंदा टॅक्स कशाला, असा विचार झाला असणार.

रामबागकर | २ जुलै, ५.२५

इंडियानाला एवढं बिचारं म्हणू नका. जूनमध्येच त्यांनी न्यू ऑर्लिन्सकडून स्वतःचं २०२६ चं पहिल्या फेरीचं पिक परत घेतलं आणि बदल्यात यंदाचं २३ वं दिलं. हॅलिबर्टन पडायच्या आधी. आता तो सीझनभर बाहेर, टर्नर गेलेला, म्हणजे टीम खाली घसरली तर ते पिक चांगलंच वर येऊ शकतं.

ग्वाल्हेरचा_सहावा | २ जुलै, ५.५०

आणि न्यू ऑर्लिन्सने ते २३ वं घेऊन काय केलं ते सांगा ना काका! २३ वं अधिक २०२६ चं आणखी एक पहिल्या फेरीचं, आपलं आणि मिलवॉकीचं यातलं जे चांगलं येईल ते, कुठलंही संरक्षण न ठेवता अटलांटाला दिलं. मिळालं काय, तर १३ वं पिक. दहा पायऱ्या वर चढायला! डेरिक क्वीन घेतला. पोरगा चांगला आहे, हात मऊ आहेत, पास बघतो. पण पश्चिमेत तळाशी राहिलेल्या टीमने पुढच्या वर्षीचं विनासंरक्षण पिक द्यायचं? निदान पहिल्या चारांत आलं तर आमचंच, एवढी अट तरी घालायची.

जवाहरमार्ग | २ जुलै, ६.०५

थांबा. म्हणजे मिलवॉकी यंदा पडली तर २०२६ चं पिक अटलांटाला आणि मिलवॉकीला न्यू ऑर्लिन्सचं, जे त्याहून खालचं असेल ते? माझा मुद्दा आणखी पक्का झाला. यांना हरण्याचाही फायदा नाही.

दुसरा_एप्रन | २ जुलै, ६.२०

उलट वाचा. हरण्यात फायदाच नाही, मग जिंकायचा प्रयत्न न करून कुठे जाणार? २०३१ पर्यंत स्वतःचं बिनधास्त पिक नाही अशी टीम पुनर्बांधणी करत नाही, तिला ते परवडतच नाही.

हिरवी_जर्सी | ३ जुलै, सकाळी ७.००

मिलवॉकी मिलवॉकी काय लावलंय? बॉस्टनची अख्खी टीम विकायला काढलीये तिकडे. २०२४ ची चॅम्पियन टीम! हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला, कोर्नेट सॅन अँटोनियोला, हॉरफर्डचं ठरत नाही. स्टार टेटम अकिलीज तुटून बसलेला. नवीन मालकाने ६.१ बिलियनला टीम घेतली आणि पहिलं काम काय, तर काटकसर.

दुसरा_एप्रन | ३ जुलै, ७.४५

काटकसर म्हणू नका, टॅक्सचा तक्ता बघा. यंदापासून तो बदललाय.

टॅक्स रेषेच्या वरच्या प्रत्येक ५.६८५ मिलियनच्या टप्प्याला दर वाढतो. साध्या टीमला पहिल्या टप्प्यात डॉलरला १, मग १.२५, मग ३.५०, मग ४.७५, पुढे प्रत्येक टप्प्याला अर्ध्या डॉलरने वाढ. आधीच्या चारपैकी तीन वर्षं टॅक्स भरला असेल तर ती रिपीटर, तिला ३, ३.२५, ५.५०, ६.७५. बॉस्टन रिपीटर आहे. दुसऱ्या एप्रनची रेषा टॅक्स रेषेच्या जवळपास २० मिलियन वर. अगदी रेषेवर थांबलं तरी रिपीटरला सुमारे ८६ मिलियन टॅक्स, साध्या टीमला सुमारे ४६. आणि त्या जागेवरून पुढचा प्रत्येक डॉलर बॉस्टनला पगार धरून पावणेआठला पडतो. म्हणजे दहा मिलियनचा राखीव खेळाडू ठेवायचा खर्च ७७ च्याही वर, कारण मध्येच पुढचा टप्पा लागतो.

पैसे देणारा मालक भेटला तरी दुसऱ्या एप्रनवर राहिलात की ट्रेडला पगार जोडता येत नाहीत. टेटम नसताना ते दुखणं एका वर्षासाठी का ओढवून घ्यायचं? यंदा रेषेखाली उतरा, २०३२ चं गोठलेलं पिक सोडवायच्या वाटेला लागा. चारपैकी तीन वर्षं खाली राहिलं की सुटतं.

हिरवी_जर्सी | ३ जुलै, ८.०२

हिशोब बरोबर, पण हॉलिडेच्या बदल्यात सायमन्स? डिफेन्स नावाला नाही.

मेघना_इं | ३ जुलै, ८.३०

सायमन्ससाठी सायमन्स घेतलेला नाही. हॉलिडेचे तीन वर्षांचे १०४ मिलियन उरले होते, सायमन्सचा २७.७ चा करार वर्षभरात संपतो. त्यांनी करार विकत घेतला, खेळाडू त्याच्यासोबत आला. फेब्रुवारीच्या डेडलाइनपर्यंत तो पुन्हा कुठेतरी गेला तर आश्चर्य वाटायला नको. टॅक्स मोजला जातो नियमित सीझनच्या शेवटच्या दिवशीच्या पगारावर, त्यामुळे आत्ता रेषेवर असलेली टीमही तोपर्यंत खाली उतरू शकते. जुलैतला रोस्टर बघून रडू नका.

छप्पन_दुकान | ३ जुलै, ८.४१

ब्रुकलिनने यंदा पहिल्या फेरीत पाच पोरं घेतली. पाच! त्यांना जुलैतच रडू द्या.

नवखी | ३ जुलै, ९.१५

पाच रुकी घेतले तर अडचण काय असते?

दुसरा_एप्रन | ३ जुलै, १०.००

जागेची. स्टँडर्ड करार १५, शिवाय तीन टू-वे, म्हणजे मुख्य टीम आणि तिची छोट्या लीगमधली टीम दोन्हीकडे खेळायचे. ऑफसीझनमध्ये एकूण २१ पर्यंत चालतात, पण सीझन सुरू होताना १५ आणि ३ वर यावं लागतं. पहिल्या फेरीच्या पिकाची पहिली दोन वर्षं सहसा गॅरंटीड, त्याला टू-वेमध्ये टाकून देता येत नाही. म्हणजे १५ पैकी पाच खुर्च्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांना. सराव आणि मिनिटं पाचही जणांना हवी असतात आणि चेंडू एकच. टू-वेवाल्यांना मुख्य टीमबरोबर जास्तीत जास्त ५० सामने, तेव्हा तिथूनही फार भर पडत नाही.

एक फायदा मात्र आहे. ब्रुकलिन हीच जवळजवळ एकटी टीम जिच्याकडे खरी कॅप-स्पेस होती. म्हणून कुमिंगासारखे रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे ज्यांची बाहेरची ऑफर जुनी टीम मॅच करू शकते असे, लटकलेत. ऑफर देणाराच कुणी नाही तर जुनी टीम कशाशी मॅच करणार?

डेन्व्हरने त्याचा बरोबर उपयोग केला. मायकेल पोर्टर ज्युनियरचे ३८ मिलियन ब्रुकलिनच्या गळ्यात, सोबत २०३२ चं विनासंरक्षण पिक, आणि परत कॅम जॉन्सन २१ च्या आसपास. पगारात १७ सुटले, शूटर तितकाच चांगला.

रामबागकर | ३ जुलै, ११.१०

आणि सात वर्षांनी ते पिक पहिल्या पाचांत आलं की आजचा फ्रंट ऑफिसवाला दुसऱ्या टीमच्या टीव्ही पॅनेलवर बसून हसत असेल. विनासंरक्षण पिक देणाऱ्यांची नोकरी ते पिक वटेपर्यंत टिकत नाही, म्हणूनच ते इतक्या सहज देतात.

ग्वाल्हेरचा_सहावा | १८ जुलै, सकाळी ९.२०

धागा वर काढतोय. दोन बातम्या. फिनिक्सने ब्रॅडली बीलला बायआउट करून, म्हणजे त्याने थोडे पैसे सोडायचे ठरवून करार संपवून, स्ट्रेच केलं आणि तो क्लिपर्सकडे चालला. आणि लिलार्ड परत पोर्टलंडला! तीन वर्षं, ४२ मिलियन, शेवटच्या वर्षाचा ऑप्शन त्याचा, वर नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड नाही.

छप्पन_दुकान | १८ जुलै, ९.२८

म्हणजे २०२३ मध्ये लिलार्ड दिला, मिलवॉकीकडून हॉलिडे, २०२९ चं पिक आणि दोन स्वॅप घेतले. हॉलिडे बॉस्टनला विकला. आता हॉलिडे परत, लिलार्ड परत, पिकं खिशातच. वर त्याच सौद्यात फिनिक्सकडून आलेला कमारा यंदा ऑल-डिफेन्सिव्ह दुसऱ्या टीममध्ये. पोर्टलंडने लीगला गंडवलं तर म्हणायचं कुणाला?

जवाहरमार्ग | १८ जुलै, १०.००

आणि मिलवॉकी दरवर्षी २२.५ देत राहणार. बोला आता.

बीलचं मात्र समजलं नाही. त्याने स्वतःचे १३.९ मिलियन का सोडले? एवढा विचित्र आकडा?

दुसरा_एप्रन | १८ जुलै, ११.४०

हा आकडा या उन्हाळ्यातला माझा सर्वांत लाडका.

स्ट्रेच केलेली मृत रक्कम कुठल्याही वर्षी कॅपच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये. १५४.६ चे १५ टक्के म्हणजे २३.२. मिलवॉकीकडे लिलार्डचे २२.५, म्हणजे जेमतेम बसले. फिनिक्सकडे आधीचेच दोन स्ट्रेच चालू होते, नासिर लिटलचे ३.१ आणि लिडेलचे ०.७. म्हणजे बीलसाठी वर्षाला उरले साधारण १९.४. पाच वर्षांचे झाले ९६.९. बीलचे उरले होते ११०.८. फरक १३.९. तेवढे त्याने सोडले नसते तर स्ट्रेच कायद्यात बसतच नव्हतं. दहा सोडतो म्हणाला असता तरी उपयोग शून्य.

बदल्यात फिनिक्स दुसऱ्या एप्रनच्या वरून थेट टॅक्स रेषेच्याही खाली. बीलकडे नो-ट्रेड क्लॉज होता, त्यामुळे दुसरी वाट नव्हती. आता लिलार्डलाही पोर्टलंडने तोच क्लॉज दिलाय, ते पुढे बघू.

रामबागकर | १८ जुलै, दुपारी १२.३०

वा, हे छान उलगडलंत. पण माझं म्हणणं कायम. फिनिक्सने सुटका करून घेतली. मिलवॉकीने जुना बोजा डोक्यावर ठेवून नवा करार केला. दोन्हीला स्ट्रेचच म्हणायचं, तरी एक नव्हे. आणि मिलवॉकीने जागा करायला काय काय टाकलं ते बघा. कॉनटनला दोन सेकंड राउंड पिकं जोडून शार्लटला पाठवलं. लोपेझचा कॅप-होल्ड, म्हणजे करार संपलेल्या आपल्या खेळाडूसाठी कॅपमध्ये धरलेली रक्कम, सोडला. २३ मिलियनवाल्याचा होल्ड दीडपट, म्हणजे ३४.५. तो सोडल्याशिवाय टर्नर बसतच नव्हता, आणि सोडला की लोपेझला ठेवायचे राइट्सही गेले.

मेघना_इं | १८ जुलै, १.१५

काका, लोपेझ ३७ चा आहे. तो होल्ड सोडण्यात गमावलं काय?

रामबागकर | १८ जुलै, १.२२

एक सेंटर. टर्नरचा घोटा मुरगळला की समजेल.

जवाहरमार्ग | १९ जुलै, सकाळी ८.००

मूळ प्रश्नावर येतो. एप्रनरावांनी दाखवलं की दुसरा दरवाजा नव्हता. ठीक. पण दरवाजा एकच उघडा आहे म्हणून त्यातून जायलाच हवं असं नाही. यानिस २०२७ मध्ये गेला, किंवा त्याआधीच ट्रेड मागितला, तर मिलवॉकीकडे उरेल तिशी ओलांडलेला टर्नर, पिकं नाहीत, आणि आणखी तीन वर्षं २२.५ चा खड्डा. पुनर्बांधणी करणाऱ्या टीमला कॅपच्या सातव्या हिश्श्याचं मृत वजन.

दुसरा_एप्रन | १९ जुलै, ९.३०

सातवा हिस्सा आज. २२.५ स्थिर आहे, कॅप वाढती. नवा टीव्ही करार ११ वर्षांचा, ७६ बिलियनचा, आणि कॅप वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढू शकते. ७ टक्केच धरा. २०२९-३० ला कॅप २०२ च्या पुढे, म्हणजे २२.५ चा हिस्सा १४.६ टक्क्यांवरून ११ वर. पूर्ण १० टक्के वाढली तर दहाच्या आत. तोवर मिड-लेव्हलही वीसच्या आसपास जाईल. म्हणजे एक बरा रोटेशन खेळाडू नसल्यासारखं.

आणि यानिसचा ट्रेड झालाच तर पिकं तेव्हाच परत येतील. एकट्या डेस्मंड बेनला ऑर्लँडोने दोन खेळाडू, पहिल्या फेरीची चार पिकं आणि एक स्वॅप दिला. यानिसचा भाव त्यावरून काढा.

जवाहरमार्ग | १९ जुलै, ९.४४

भाव तेव्हा मिळतो जेव्हा घाई समोरच्याला असते. ट्रेड मागून बसलेल्या खेळाडूचा भाव पडतो, आणि घेणाऱ्या टीमा एप्रनला चिकटलेल्या असल्या की ५४ मिलियन जुळवायलाच चार माणसं लागतात. दुसऱ्या एप्रनच्या वर असतील तर जोडताच येत नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय वर.

दुसरा_एप्रन | १९ जुलै, १०.०५

हा मुद्दा बरोबर. घेऊ शकणाऱ्या टीमा मोजक्याच, आणि त्यांनी आपापली पिकं राखून ठेवलेली हवीत. ओक्लाहोमाकडे पिकांची रास आहे, पण त्यांना गरज नाही. सॅन अँटोनियो, ह्यूस्टन. पुढे यादी लांबत नाही.

हिरवी_जर्सी | १९ जुलै, १०.३०

बॉस्टनचं नाव राहिलं यादीत.

छप्पन_दुकान | १९ जुलै, १०.३१

बॉस्टनने आधी पाचवा स्टार्टर शोधावा.

नवखी | १९ जुलै, १२.००

एक शेवटचं विचारते. इतकं सगळं खर्चून झाल्यावर शेवटच्या जागा कशा भरतात?

छप्पन_दुकान | १९ जुलै, १२.०६

मिनिममवाल्यांनी. पोह्यांवरच्या जीरावण मसाल्यासारखे असतात ते, चिमूटभर, पण नसले की प्लेट फिकी.

दुसरा_एप्रन | १९ जुलै, १.२०

त्यात जुन्या खेळाडूंचा एक फायदा असतो. दहा किंवा जास्त वर्षं झालेल्याचा मिनिमम यंदा ३.६३ मिलियन. पण एका वर्षाचा करार असेल तर टीमच्या हिशोबात दोन वर्षांच्या अनुभवाचाच मिनिमम धरतात, २.३० च्या आसपास, आणि वरचा फरक लीग भरते. हा फायदा दोन वर्षांचा करार केला की जातो. म्हणून रेषेच्या जवळ असलेल्या टीमा ऑगस्टमध्ये पस्तिशीतल्या माणसांना एकेका वर्षावर घेताना दिसतात. पंधरावी जागा बऱ्याच जणी रिकामीच ठेवतात, कारण १४ भरलेल्या असल्या की चालतं, आणि फेब्रुवारीनंतर बायआउट झालेल्यांतून कुणी सापडला तर त्याला दिवसाच्या हिशोबाने पगार बसतो.

रामबागकर | १९ जुलै, १.४५

मिलवॉकीने ती पंधरावी जागा राखीव सेंटरला द्यावी. रिबाउंड घेणारा हवा, तीन नाही मारला तरी चालेल.

मेघना_इं | १९ जुलै, १.५०

काका, सेंटर नको, पॉइंट गार्ड घ्या.